काष्टीच्या पंपावरचं आपलं दुकान

प्रिय दाजी,

शंभर रुपयांचा एक, असे पाच शेअर तुम्ही घेतलेत. कागदावर पाचशे. पण माझी हिशेबाची खोड तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून खरा आकडा मांडतो. नगरच्या दोन खेपांचं एसटीचं भाडं, सही करायला जाताना घेतलेलं नवं धोतर, गावात वाटलेले पेढे आणि त्या दोन दिवसांत कांद्याच्या लागणीवर लक्ष द्यायला कुणी नव्हतं, ती कामाची खोटी. हे धरून झाले सहाशेच्या पुढे. त्यात नंतर एक पिंप डिझेल आणि गव्हाची एक पाळी. एवढ्यात म्हैस आली असती, दाजी! आणि म्हशीनं निदान चहापुरतं दूध दिलं असतं.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. काल कंपनीची वार्षिक सभा झाली. तुमच्या जागी अक्का बसली होती. तिथं जे झालं ते कुणाला तरी सांगावं म्हणून माणूस शोधू लागलो, तर तुमच्याशिवाय नाव सुचेना. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल, आणि हसेल तो माझ्यावर. हसाल तुम्हीही. पण माझे कान कितीही तिखट असले तरी तिथवर पोचत नाहीत, हे एक बरं आहे.

माझ्या कानांवरून तुम्ही मला किती छळलंत! श्रीरामपुरात ट्रकखाली पडून पाने फिरवणारा मी. आज स्वतःचं गॅरेज आहे, सुट्या भागांचं दुकान आहे, ते या कानांच्या जिवावर. ट्रक फाटकातून आत यायच्या आधी मी सांगायचो, याचा व्हॉल्व्ह गेलाय. तुम्ही अक्काला म्हणायचात, "तुजा भाऊ आला की भांडी हळू वाजव. न्हाईतर पातेल्याचं बी औषध सांगंल."

हे शेअरचं प्रकरणही कानांतूनच निघालं. नगरला धनराजशेठच्या पंपावर मी एकदा एका पार्टची वाट बघत बाकावर बसलो होतो. ट्रक येत होते, जात होते. ड्रायव्हर डिझेल भरायचा, भाव विचारायचा, भावाला शिवी द्यायचा, पैसे मोजून द्यायचा. आणि गाडीवर चढता चढता विचारायचा, "साबण मिळंल का हो इथं? टॉवेल? पोरीसाठी गोड काहीतरी?" दुपारभर मी हेच ऐकलं. डिझेलच्या पैशापैशावरून कुरकुरणारा माणूस साबणाचा भाव विचारत नव्हता!

शेठला म्हणालो, "शेठ, डिझेलवरचं कमिशन ठरलेलं. ते वाढवणं तुमच्या हातात नाही. पण गाडी थांबतेच आहे, तर तिला दुकानावर थांबवा की." शेठ ट्रकच्या धंद्यातला मुरलेला माणूस. वर्षाच्या आत त्यानं वाटसरू नावाची कंपनी काढली. नगर, काष्टी आणि श्रीरामपूर असे तीन पंप, आणि प्रत्येकाला लागून एक दुकान. साबण, चहापत्ती, बिडी-काडी, कंदिलाच्या काचा, दोरखंड, फॅन बेल्ट, बिस्किटं. भांडवलासाठी शेअर काढले. मी पन्नास घेतले.

श्रीरामपूरची जागा तर मीच निवडली. दोन दिवस रस्त्याकडे पाठ करून बसलो आणि रहदारी नुसती ऐकली. शेठला सांगितलं, "तिन्हींत सोन्याचं दुकान हे." ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. तुम्हाला तर इतकेदा सांगितली की शेवटी शेवटी तुम्ही माझ्याआधीच वाक्य पुरं करायचात.

तुम्ही सही करायला नगरला आलात तो दिवस आठवतो? नव्या धोतराची घडीसुद्धा मोडली नव्हती. कारकुनानं कागद पुढे केला, तर तुम्ही विचारलंत, "दिवाळीला साखर किती मिळंल?"

कारकून गोंधळला. शेठ म्हणाला, "बाबूराव, हा साखर कारखाना नाही. इथं साखर नसते, लाभांश असतो."

"म्हंजी साखरच की," तुम्ही म्हणालात, "पैशातली."

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या कानाला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. इंजिन नीट चालतंय आणि आत कुठंतरी एक बोल्ट सैल आहे, तसं.

कारण आपल्याकडे शेअर म्हणजे कारखान्याचा शेअर. तो घेतला की माणूस सभासद होतो. त्याचा ऊस आधी तुटतो, दिवाळीला त्याला स्वस्त साखर मिळते, सभेत बसून तो चेअरमनला चार शब्द सुनावतो, आणि मेल्यावर ते सभासदत्व पोराच्या नावावर चढतं. जमिनीसारखंच ते. विकायचा विचारही कुणी करत नाही. तुम्ही वाटसरूचा शेअर त्याच मापानं मोजलात. एसटीत तुमच्या शेजारी बसून मी समजावलं, "दाजी, हा नफ्यातला वाटा आहे, बाकी काही नाही. पंपावर तुमचा डबा आणि परक्याचा डबा सारखाच." तुम्ही "व्हय, व्हय" म्हणालात आणि खिडकीतून कुणाच्या तरी घासाचं रान बघत बसलात.

आणि गावात जाऊन काय सांगितलंत? "आपला पंप झाला! ज्याच्याकडं शेअर, त्याचं विहिरीवरचं इंजिन थांबनार न्हाई. माजा शबुद!"

कुणी सांगितलं होतं शब्द द्यायला? मी? शेठनं? काष्टीतल्या वीसेक घरांनी तुमच्या तोंडाकडे बघून एकेक शेअर घेतला. म्हादबानं तर बायकोच्या कोंबड्यांच्या पैशातून घेतला. आणि तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. बायकांनाही बजावलंत, "साबण, चहा, काडेपेटी, समदं पंपावरच्या दुकानातनं आनायचं. आपलं सोडून दुसऱ्याचं घर कशाला भरायचं?" हे अक्कानं मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. माझ्याकडे पन्नास शेअर होते आणि मी साबण घ्यायचो तो स्टेशन रोडवर, जिथं स्वस्त मिळेल तिथं.

पुढे दुष्काळ पडला. काष्टीत विहिरींचे तळ दिसले. इंजिनांवर पोती टाकून लोक खडी फोडायला गेले. डिझेल मागणारा शेतकरीच उरला नाही. पण धान्याचे ट्रक, पाण्याचे टँकर त्याच रस्त्यानं पळत होते, त्यांवर पंप तगला. त्या साली मी तुम्हाला म्हणालो, "बघा, सगळं सुकलं, आपला शेअर हिरवा आहे." तुम्ही डोक्यावरची खडीची धूळ झटकत होतात. ते वाक्य त्या वेळी बोलायला नको होतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

मग देवानं पाणी दिलं आणि माणसानं तेल अडवलं. अरबस्तानात कुणीतरी कुणावर रुसलं आणि काष्टीत डिझेल मिळेना! विहिरी काठोकाठ, गहू हातभर, आणि इंजिनं गप्प. मला श्रीरामपुरात तुमचा ट्रंक कॉल आला. फोनवर तुम्ही नेहमी ओरडून बोलायचात, तुमच्या मते लांबचा माणूस होता ना. त्या दिवशी आवाज खाली होता. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली.

पंपाच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत डब्यांची रांग होती. एकाच दोरीत ओवलेले डबे, प्रत्येकावर लाल रंगानं नाव. माणसं लिंबाखाली बसलेली. आणि दर थोड्या वेळानं एक ट्रक सरळ आत घुसत होता आणि भरून जात होता. शेठचा हुकूम होता: ट्रक आधी. ट्रक टाकीभर घेतो, वर ड्रायव्हर दुकानात जातो. हिशेब चोख होता. माझाच हिशेब होता तो, मी शेठला शिकवलेला.

म्हादबा मॅनेजरशी भांडत होता. "मी शेअरवाला हाय. कागद आनलाय घरनं, दावू का?"

"कागद काचेत घालून भिंतीवर लावा, काका. डिझेल रांगेनं."

"अरं, रांगेतच हाय न्हवं का! कालधरनं माजा डबा हितं हाय!"

"डबा आहे. ट्रक नाही."

लिंबाखालून कुणीतरी म्हणालं, "म्हादबा, डब्याला चाकं लाव." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "किसनराव, मंग आपन घेतलं काय?"

मी शांतपणे सांगितलं. मला शांतपणे सांगता येतं. "दाजी, नफ्यातला वाटा घेतला."

"नफा पाजू का गव्हाला?"

नियमानं मी बरोबर होतो. आजही आहे.

तुमच्या पडवीत एक पिंप भरलेलं होतं. टंचाईची कुणकुण लागताच मीच तुम्हाला ते भरून ठेवायला लावलं होतं. तुमच्या गव्हाच्या शेवटापर्यंत ते पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीत घातलंत आणि वस्त्यावस्त्यांवर फिरून ज्यानं ज्यानं शेअर घेतला त्याच्या इंजिनात थोडं थोडं ओतून आलात. म्हादबाचं एक पाणी झालं. आणखी बऱ्याच जणांचं झालं. तुमचाच गहू एका पाळीला मुकला आणि दाणा बारीक भरला. अक्का म्हणाली, "त्येंनी शबुद दिल्ता न्हवं." मी म्हणालो, "शब्द द्यायच्या आधी विचारायचं होतं." ती पिठात हात घालून बसली होती, तशीच बसून राहिली.

दाजी, एक विचारू? पिंप रिकामं झाल्यावर तुम्ही मला कळवलं का नाहीत? श्रीरामपुरातून मी दोन डबे पाठवले असते. की मी आधी हिशेब विचारीन असं वाटलं? विचारला असता, हेही खरंच.

उन्हाळ्यात एका दुपारी जेवून तुम्ही जरा लवंडलात ते उठला नाहीत. तेरावं झालं, सगळं रीतीप्रमाणे झालं. पाच शेअर अक्काच्या नावावर करून घ्यायला नगरला मीच गेलो. तिथं शेठनं मला आत बोलावून चहा पाजला. म्हणाला, "काष्टीचे शेअर मी परत घेतो. पुऱ्या भावानं, शंभराला शंभर. लोक नाराज आहेत, कशाला कुणाचा तळतळाट घ्यायचा? तुमच्या अक्कांना सांगा. त्यांनी विकले की बाकीचे आपोआप विकतील."

मला हे फार चांगलं वाटलं. गावानं डुबले असं धरलेले पैसे परत मिळणार, तुमच्या माघारी तुमच्या नावानं कुणी बोटं मोडणार नाही. कारण मोडत होते, दाजी. लपवून काय उपयोग? अक्का बाजारात गेली की मागून शब्द यायचा, "ही शेअरवाल्या बाबूरावची." ती वळून बघायची नाही. पण माझ्यासारखे कान नसले तरी बहीण माझीच आहे, तिला ऐकू जात असणारच. म्हादबा दारात येऊन सांगून गेला होता, "वैनी, तुमी इकलं तर आमी इकू. तुमी ठेवलं तर ठेवू. पन एकदा काय ते सांगा."

मी अक्काला म्हणालो, "विकून टाक. शेअरचं मला कळतं."

"तुजं दाजी असतं तर इकलं असतं का?"

"दाजींना शेअर कळलाच नव्हता, अक्का."

"बरं," ती म्हणाली. "सभा कवा हाय? मी यिते."

शेठच्या ट्रकांच्या गोदामावर माडी आहे, तिथं सभा होती. अक्का नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. मी म्हणालो, "अगं, मागं बसू." तर म्हणते, "हितं पंखा हाय." काष्टीची बरीच माणसं आली होती, ती भिंतीला टेकून उभी. बसायला सांगितलं तरी बसेनात.

कारकून हिशेब वाचू लागला. भटजी घाईत मंत्र म्हणतो तसा. आकडे कुणाला कळूच नयेत अशा बेतानं. पण मी इंजिनाच्या गोंगाटातून एका बेअरिंगची कुरकुर वेगळी काढणारा माणूस! मला कळले. कंपनीच्या आजवरच्या दोन्ही वर्षांचा लाभांश ज्या नफ्यातून आला, त्यातला बराचसा एकट्या काष्टीचा होता. पंपाचा नव्हे, दुकानाचा. नगर आणि श्रीरामपूर मिळूनसुद्धा त्याच्या जवळ पोचत नव्हते.

शेठ पुऱ्या भावानं का घेतोय ते मला तेव्हा कळलं. मी अक्काच्या कानाला लागलो, "थांब, विकू नकोस. काष्टीचं दुकान जोरात आहे."

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"अरं, साऱ्या गावाच्या बाया साबण तिथनंच आनत्यात. वस्तीवरच्या सुदिक. लांब पडलं तरी. आपलं दुकान म्हनून."

"डिझेल नाकारल्यावरसुद्धा?"

"त्येंनी सांगितलं हुतं सगळ्यास्नी. रुसायचं ते पंपावर, दुकानावर न्हाई."

दाजी, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकल्या. ही ऐकल्यावर मला पंख्याचाही आवाज येईना. माझ्या पन्नास शेअरांवर जो लाभांश मी ऐटीत मोजून घेतला, तो ड्रायव्हरांच्या टॉवेलांतून आलाच नव्हता. तो आला म्हादबाच्या बायकोच्या साबणातून. कंपनीचा शेअर कारखान्याचा समजण्याच्या तुमच्या चुकीतून!

शेठ उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "काष्टीच्या मंडळींना मी पुऱ्या भावानं पैसे देतो. वहिनी, तुम्ही सुरुवात करा."

अक्का उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही. ती घरात बोलावं तशीच बोलली.

"शेठ, कागद तुमच्याकडं गेलं की दुकान तुमचं व्हनार. व्हय का न्हाई?"

"तसंच म्हणायचं."

"मंग आमी तुमच्या दुकानात कशाला यिऊ? बाजारात चार दुकानं हायती. जवळ बी पडत्यात, उधारीबी देत्यात."

शेठ हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो हिशेबी आहे, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"कागद आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली. "आमाला फुकट काय नगं. सकाळी पंप उघडला की आधी डबे भरायचे, मंग ट्रक. शेअरवाल्याचा डबा आसू द्या न्हाईतर बिनशेअरवाल्याचा, गावात समद्यांचाच गहू हाय. एवढं कराल तर साबण तुमचा."

भिंतीकडून म्हादबा ओरडला, "आन न्हाई केलं तर अंगाला माती लावू, शेठ!" सगळी माडी हसली. शेठनं माझ्याकडे बघितलं, सल्ला मागितल्यासारखं. मी पंख्याकडे बघितलं.

शेठनं मान्य केलं. कागदावर लिहून घ्या असं मी म्हणणार होतो, तर अक्का म्हणाली, "लिवायचं कशाला? साबण रोजचाच लागतो." आज सकाळी म्हादबाचा निरोप आला: पंप उघडला, पहिले डबे भरले, ट्रक बाहेर उभे होते आणि ड्रायव्हर शिव्या देत दुकानात चहा पीत होते. म्हणजे शेठचं त्यातही नुकसान नाही.

काष्टीतलं एकही घर शेअर विकत नाही. आज बाजारात अक्काच्या मागून काय शब्द आला ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण काल सभेहून परतताना एसटीत ती खिडकीशी बसून घासाची रानं बघत होती, आणि मी लाभांशाबद्दल बोलत होतो तर "व्हय, व्हय" म्हणत होती.

तुमच्याबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही, दाजी. तुम्हाला शेअर कळला नव्हता. शब्दही विचार न करता दिलात. पण तो शब्द आजपासून रोज सकाळी पाळला जाणार, हे मला नोंदवणं भाग आहे. आणि तो पाळवून घेतला त्यात माझा हात नाही.

तेव्हा मीही एक शब्द देतो. माझे पन्नास शेअर मी विकणार नाही, भाव कितीही चढला तरी. दर वर्षी सभेला अक्काला घेऊन जाईन. बोलायचं तिनं, ऐकायचं मी. आणि यंदा तुमच्या वाटचं गव्हाचं एकही पाणी चुकणार नाही, डबा घेऊन रांगेत मला उभं राहावं लागलं तरी.

सभेतला शेवटचा ठराव राहिलाच. श्रीरामपूरचं दुकान पुढच्या पहिल्या तारखेपासून बंद होतंय. दोन्ही वर्षं तिथल्या दिव्याचासुद्धा खर्च निघाला नाही.

तुमचा मेहुणा,
किसन